आधी पुठ्ठ्यावर बसून बघा

ताई,

मी साताऱ्याची, वय ४४. यंदा रक्त तपासलं तर साखर उंबरठ्यावर आलेली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम सुरू करा. मुलगा शिकायला पुण्याला गेलाय, त्याची गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात होती, ती काढली. शाळेत असताना मी रोज सायकलने जायचे, त्यामुळे तोल लगेच सापडला. तीन आठवडे झाले, पहाटे संगम माहुलीच्या पुलापर्यंत जाऊन येते. इतकं बरं वाटतं की काय सांगू. पण तीन गोष्टी आडव्या येतायत. एक म्हणजे बैठकीची हाडं ठणकतात, पुढचा नाजूक भाग बधिर होतो, तळहातांना मुंग्या येतात. घरात हे कुणाशी बोलता येत नाही. दुसरं, गेल्या मंगळवारी सलवार चेनमध्ये गेली आणि मी पोवई नाक्यावर आडवी झाले, गुडघा फुटला. तिसरं, भाचीने सायकलिंगची पॅडवाली शॉर्ट्स आणून दिली, ती वाळत घातलेली सासूबाईंनी पाहिली. ‘या वयात हे घालून गावातनं फिरणार होय?’ एवढंच म्हणाल्या. त्या स्वतः अजून नऊवारी नेसतात. मिस्टर काहीच बोलत नाहीत. माझ्याकडे भिशीचे बारा हजार आहेत. त्यात काय घ्यावं? की हा नाद सोडून आपलं चालायलाच जावं?

– नाव छापू नये, सातारा

प्रिय मैत्रिणी,

नाद सोडू नका. तीन आठवडे रोज पहाटे उठून, दुखत असतानाही तुम्ही पुलापर्यंत जाताय. तुमच्यात काही कमी नाही. कमी आहे ती सायकलच्या मापात आणि अंगावरच्या कपड्यात, आणि दोन्ही दुरुस्त होतं, बारा हजारांच्या आतच.

बधिरपणाबद्दल आधी बोलते, कारण ते लिहिताना तुमचा हात अडखळला असणार. चाळिशीपुढच्या कितीतरी बायका सायकल घेतात आणि महिन्याभरात ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून पुन्हा जिन्याखाली लावतात. विचारलं तर सांगतात, वेळ होत नाही. खरं कारण हे असतं. लाजेपोटी ते कुणी बोलत नाही आणि म्हणून कुणी उपायही सांगत नाही. तुम्ही बोललात हे फार चांगलं केलंत.

सायकलवर आपलं वजन बैठकीच्या दोन हाडांवर पडायला हवं. ती हाडं हाताला लागतात. लाकडी पाटावर बसून हात खाली घातलात तर दोन टणक गाठी जाणवतील. बायकांची कंबर बाळंतपणाच्या हिशोबाने घडलेली असते, त्यामुळे या दोन हाडांमधलं अंतर पुरुषांपेक्षा सर्वसाधारणपणे जास्त असतं. तुम्ही बसताय ती सीट मुलाच्या मापाची, म्हणजे अरुंद. हाडं सीटच्या कडेबाहेर जातात आणि सगळा भार मधल्या नाजूक भागावर येतो. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात, म्हणून बधिरपणा. हे सोसायचं दुखणं नाही. ‘सवय होईल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. हाडांच्या जागी होणारी ठणक पंधरा-वीस दिवसांत सवयीने जाते, बधिरपणा सवयीने जात नाही.

आज दुपारी एक करा. घरात खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा असेल, तो कडक स्टुलावर ठेवा. पातळ कपड्यात त्यावर बसा, दोन्ही पाय किंचित उचला आणि हँडल धरल्यासारखं पुढे वाका. अर्धा मिनिट तसंच बसून उठा. पुठ्ठ्यावर दोन खड्डे पडलेले असतात. नीट दिसले नाहीत तर बोटांनी चाचपून पेन्सिलने गोल करा आणि एका खड्ड्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत शिलाईच्या टेपने मोजा. बहुतेक बायकांचं हे अंतर दहा ते पंधरा सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवले की तुमच्या सीटची रुंदी. हा आकडा कागदावर लिहून सायकलच्या दुकानात न्या आणि मध्ये खाच असलेली, एवढ्या रुंदीची सीट मागा. खाच कशासाठी ते दुकानदाराला समजावत बसायची गरज नाही, त्याला ठाऊक असतं.

आणि एक कळकळीची विनंती. सीटवर चढवायचं ते गुबगुबीत जेलचं कव्हर घेऊ नका. मी ही चूक केलीय. पहिल्याच महिन्यात दुखायला लागलं म्हणून दुकानातलं सगळ्यांत मऊ कव्हर आणलं. बोटाने दाबलं की उशीसारखं आत जायचं, मी खूश. पण सायकलवर हाडं त्यात रुतली आणि मधला मऊ भाग फुगून वर आला, नेमका जिथे येऊ नये तिथे. आठ किलोमीटरनंतर मला उतरून चालत घरी यावं लागलं. चुकीच्या रुंदीची सीट कितीही मऊ केली तरी चुकीचीच राहते. हाडांना टणक आधारच हवा असतो, मऊपणा कपड्यातून मिळतो.

नवी सीट येईपर्यंत आहे तीच नीट बसवा. तिची चोच वर उचललेली असेल तर आडव्या रेषेत आणा, फार तर केसभर खाली. उंची बघायची ती अशी. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर त्या बाजूला कलायला नको. मग चवडा पायडलवर ठेवून चालवलंत की गुडघा हवा तेवढाच किंचित वाकतो. बायका सीट फार खाली ठेवतात, पाय जमिनीला टेकावेत म्हणून. त्याने गुडघे दुखतात, आणि पायांवर यायचा भार सीटवर जातो. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा, ही सवय दोन दिवसांत लागते. आणि दर आठ-दहा मिनिटांनी पायडलवर उभं राहून चार-पाच फेरे मारा, म्हणजे तिथलं रक्त पुन्हा फिरतं.

तळहातांच्या मुंग्यांचं मूळही मापातच आहे. तुमची उंची तुम्ही लिहिली नाहीत, पण मुलगा तुमच्याहून उंच असणार. त्याच्या सायकलचं हँडल तुम्हाला लांब पडतं, तुम्ही ओणव्या होता आणि धडाचा भार मनगटांवर येतो. सायकलच्या मधल्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभ्या राहा. नळी आणि तुमच्यामध्ये तीन-चार बोटांची मोकळी जागा हवी. ती असेल तर सायकल ठेवा आणि हँडल जोडणारा जो पुढचा तुकडा असतो, दुकानात त्याला स्टेम म्हणतात, तो आखूड आणि वर उचललेला बसवून घ्या. हे काम अर्ध्या तासाचं आहे. जागा नसेल तर मात्र ही सायकल तुमची नव्हे. मुलाला फोन करा, ती विका आणि आपल्या मापाची जुनी बघा. मुलाची आठवण म्हणून मनगटं खराब करून घेऊ नका.

आता कपडे. पत्रात तुम्ही हा भाग शेवटी आणि भीत भीत लिहिलाय.

भाचीने आणलेली शॉर्ट्स उलटी करा आणि आतलं पॅड नीट बघा. दोन हाडांच्या जागी ते जाड आणि मागे रुंद असावं, पुढे पातळ होत जावं. अंगठ्याने दाबून सोडलं की लगेच वर यायला हवं. दबलेलंच राहिलं तर अर्ध्या तासात चपाती होतं. मध्ये जाड शिवण असेल तर ती शॉर्ट्स नको, बायकांसाठीचं पॅड निराळ्या आकाराचं असतं. मापाला ती त्वचेला चिकटून बसली पाहिजे, सैल राहिली तर पॅड घासतं. आणि ही शॉर्ट्स थेट अंगावर घालायची, आत निकर घालायची नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही. निकरची शिवण आणि तिच्यात मुरलेला घाम यांनीच मांड्यांच्या सांध्यात सोलवटतं. सुती कपडा घाम धरून ठेवतो. घरात तो उत्तम, सायकलवर नको.

घरी आल्यावर चहाचं आधण ठेवण्याआधी शॉर्ट्स बदला. साखर उंबरठ्यावर असताना बुरशीचा संसर्ग लवकर होतो, त्यामुळे ओल्या पॅडवर बसून राहणं तुम्हाला परवडणारं नाही. साध्या साबणाने धुवा, कपडे मऊ करणारं द्रावण वापरू नका, त्याने कापडाचा घाम शोषायचा गुण जातो. पॅडची बाजू वर करून उन्हात वाळत घाला. हो, उन्हातच, सगळ्यांना दिसेल अशी. पंचाखाली झाकून सावलीत वाळवलेलं पॅड आतून ओलंच राहतं. एक धुवायला, एक घालायला म्हणून अशा दोन शॉर्ट्स हव्यात.

पाळीच्या दिवसांचंही विचारलं नाहीत, पण सांगून ठेवते. सॅनिटरी पॅड आणि शॉर्ट्सचं पॅड एकावर एक आलं की घासून घासून जीव नकोसा होतो. मेन्स्ट्रुअल कप वापरायची तयारी असेल तर सायकलसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. दोन महिने हात बसायला लागतात. नसेल जमत तर ते दोन दिवस चाला, बिघडत काही नाही. आणि कधी तिथे गाठ आली, जखम आठवडाभरात भरली नाही किंवा सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा राहिला, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सायकलमुळे झालंय हे स्पष्ट सांगा.

सलवार. चेन उजव्या बाजूला असते, त्यामुळे घात होतो तो उजव्या पायाचा. सैल सलवार, पटियाला, पलाझो, लोंबती ओढणी आणि बुटाची सुटलेली नाडी, एवढ्या गोष्टी सायकलच्या जवळ येऊ देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेची ओढणी मागच्या चाकात गेली आणि गळ्याला असा हिसका बसला की पंधरा दिवस मान वळत नव्हती. ओढणी गाठ मारून कमरेला बांधते म्हणाल तर तेही नको, गाठ सुटते. तुमच्या गिअरच्या सायकलला पूर्ण चेनकव्हर बसणार नाही, पण पुढच्या दातेरी चकतीवर गोल गार्ड बसतो, तो विचारा.

मग घालायचं काय? मी स्वतः दहा वर्षं जे घालते ते सांगते. आत पॅडची शॉर्ट्स, तिच्यावर पोटरीला घट्ट बसणारी काळी लेगिंग, वर गुडघ्याच्या चार बोटं वर संपणारा, दोन्ही बाजूंना कमरेपर्यंत कट असलेला, लवकर वाळणाऱ्या कापडाचा कुर्ता. रंग पिवळा किंवा पोपटी, कारण पहाटेच्या अंधारात गडद निळा दिसतच नाही. हा कुर्ता मी आमच्या शिंपीणबाईंकडून शिवून घेतला, पाठीमागे कमरेजवळ दोन खिसे लावून. एकात मोबाईल, एकात रुमाल आणि शंभराची नोट. बाजारातली जर्सी याच कारणासाठी पाठीवर खिशांची असते. जर्सी घालावीशी वाटली तर अवश्य घाला, पण तिच्यावाचून सायकल अडत नाही. स्पोर्ट्‌स ब्रा मात्र हवीच आणि ती मापून घ्या. हँडलवर झुकल्यावर ओढ खांद्यांवर येते, मानेचं निम्मं दुखणं तिथलं असतं. केसांची खाली, मानेजवळ वेणी घाला. अंबाडा असला की हेल्मेट मागे बसत नाही. लांब मंगळसूत्र घरी ठेवा किंवा आखूड घाला.

या पोशाखात सासूबाईंना आक्षेपार्ह काही दिसणार नाही, असं वाटतं. पण कपड्यावर मी फक्त एवढ्यासाठी भर देत नाहीये. उद्या गार वाऱ्यात नुसत्या शॉर्ट्सवर जावंसं वाटलं तर जा. मापदंड एकच ठेवा. घातल्यावर सायकल सोडून दुसऱ्या कशाकडे लक्ष जाता कामा नये, ना चेनकडे, ना शिवणीकडे, ना लोकांच्या नजरेकडे. आज लेगिंगने ते साधतंय तर आज लेगिंग.

सासूबाईंशी भांडू नका, त्यांना विचारा. त्या अजून नऊवारी नेसतात म्हणालात. त्यांना म्हणा, आई, पूर्वी शेतात, डोंगरात, डोक्यावर भारा घेऊन तुम्ही काष्टा का घालायच्या? काष्टा म्हणजे दोन पायांचा, घट्ट आवळलेला, चालताना-चढताना कुठे न अडकणारा पोशाख. तो घालून आपल्याकडच्या बायका घोड्यावर बसल्या. तुमची शॉर्ट्स त्याच कामाची आहे. मला वाटतं, त्यांच्या ‘या वयात’मध्ये लाज कमी आणि काळजी जास्त आहे. तुम्ही गुडघा फोडून घरी आलात ते त्यांनी पाहिलंय. शॉर्ट्स कशाला असते ते आतून उलटी करून दाखवा. ज्या बाईने आयुष्यभर नऊ वार लुगडं आवळलं, तिला कपडा कशासाठी कसा शिवतात हे समजतं.

आपल्याकडे काष्टा रोजचा होता तेव्हा इंग्लंडमध्ये याच गोष्टीवरून रणं पेटली होती, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. तिथल्या बायकांनी घोट्यापर्यंतचे जड झगे घालावेत असा दंडक होता, आणि ते झगे सायकलच्या चेनमध्ये अडकायचे, अगदी तुमच्या सलवारीसारखे. लंडनमध्ये १८८१ साली बायकांच्या सुटसुटीत पोशाखासाठी एक संस्थाच निघाली, लेडी हार्बर्टन तिच्या संस्थापकांपैकी. या बाई १८९८ च्या ऑक्टोबरात दुभंगी विजार घालून सायकलने सरे परगण्यातल्या ओकम गावी पोहोचल्या आणि तिथल्या हॉटेलात जेवायला गेल्या. मालकिणीने त्यांना कॉफीरूममध्ये घ्यायला नकार दिला, दारूच्या गुत्त्याशेजारच्या खोलीत बसा म्हणाली. सायकलस्वारांच्या संघटनेने हॉटेलवर खटला भरला आणि १८९९ मध्ये तो हरला. खटला हरला तरी बायका सायकलवरून उतरल्या नाहीत.

आणि आपल्या देशातलं पुदुकोट्टई. तमिळनाडूतला हा दुष्काळी जिल्हा. १९९१ च्या सुमारास तिथे साक्षरतेची मोहीम चालू होती आणि जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरओळखीच्या बरोबरीने बायकांना सायकल शिकवायचं ठरवलं. दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, अंगणवाडीत कामाला जाणाऱ्या हजारो बायका सायकल शिकल्या. बाजारात लेडीज सायकली कमी पडल्या म्हणून त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि कित्येकींना त्याच आवडल्या. मधल्या दांड्यावर मूल बसवता येतं ना! बायांना लोकांचे टोमणे खावे लागले. पण पाण्याच्या घागरी, बाजार, मूल, सगळं एका फेरीत घेऊन बाई स्वतःच्या वेळेने घरी येते, ही सोय एकदा कळल्यावर टोमण्यांचं काय चालणार?

वयाचं म्हणालात, तर पुण्याच्या प्रीती मस्के यांचं नाव ऐकलं असेल. दोन मुलांची आई. आजारपण आणि मनाची मरगळ घालवायला चाळिशीच्या आसपास व्यायामाकडे वळल्या. २०२२ च्या जूनमध्ये, ४५ व्या वर्षी, त्यांनी लेह ते मनाली हे सुमारे ४३० किलोमीटरचं अंतर एकटीने ५५ तास १३ मिनिटांत सायकलने कापलं. वाटेत ‘तांगलांग ला’ ही खिंड लागते, पाच हजार मीटरच्याही वर, जिथे नुसतं चालताना धाप लागते. पुण्याचीच वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विशीत सायकलने जगाला फेरी मारून आली, १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर. तुम्ही तसं काही करावं म्हणून ही नावं सांगत नाही. सासूबाईंच्या ‘या वयात’ला चाळिशीतल्या प्रीतीताई उत्तर आहेत, आणि ‘एकटी’ची काळजी निघाली तर वेदांगी.

तरी पहाटेच्या रस्त्याबद्दल मला काळजी वाटते ती वाटतेच. हेल्मेटचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. पोवई नाक्यावर गुडघ्यावर निभावलं. भिशीच्या पैशातून पहिली वस्तू घ्यायची ती हेल्मेट. भुवयांच्या वर दोन बोटांवर टेप धरून डोक्याचा घेर मोजा आणि त्या मापाचं घ्या. पट्टा न लावता डोकं हलवलं तरी ते जागचं हलता कामा नये, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकाच पट्टा सैल ठेवा. कपाळ झाकलं पाहिजे. टोपीसारखं मागे सारलेलं हेल्मेट शोभेचं. एकदा जोरात आपटलं की बदला, वरून तडा दिसला नाही तरी आतला थर्माकोल दबलेला असतो.

पुढे पांढरा दिवा, मागे लाल, दोन्ही चार्जिंगचे. ऊसाचा हंगाम सुरू झाला की माहुलीच्या त्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या पहाटे चालतात आणि कित्येकींना मागे दिवा नसतो. त्यांच्या मागे चिकटून जाऊ नका, बाजूने ओव्हरटेकही करू नका. थांबा, जाऊ द्या. हंगामात शक्यतो उजाडल्यावरच निघा. कानात गाणी नकोत. कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका, उतरा आणि सायकल मध्ये धरून चालत पुढे जा. पळणाऱ्या पायांच्या मागे ती धावतात, चालणाऱ्या बाईत त्यांना रस नसतो. मोटारसायकलवरची पोरं काही बोलली तर उत्तर देऊ नका, पण रोज त्याच जागी तीच पोरं दिसायला लागली तर वेळ आणि रस्ता बदला आणि घरात सांगा. तुमचे मिस्टर गप्प आहेत म्हणता, त्यांना एक काम द्या. पहिले काही रविवार बरोबर यायला सांगा, दुसरी सायकल नसेल तर भाड्याची. गप्प माणसाला काम दिलं की तो बोलायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

पैशाचा हिशोब असा बसतो. दुकानागणिक शे-दोनशे इकडे तिकडे होतील. हेल्मेट दीड हजार, सीट हजार-बाराशे, स्टेम बदलून पाचशे-सहाशे, पॅडची आणखी एक शॉर्ट्स हजार-बाराशे, दिव्यांची जोडी सात-आठशे, तळव्याला जेल असलेले अर्ध्या बोटांचे हातमोजे तीन-चारशे, हातपंप, पंक्चर किट आणि एक जादा ट्यूब मिळून सहा-सातशे. सात हजारांच्या आत झालं. उरलेले पाच हजार लगेच खर्चू नका. जर्सी, गॉगल, पायडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट, मनगटावरचं घड्याळ, हे सगळं दुकानात खुणावेल. सहा महिने सायकल चालवा, मग शरीरच सांगेल काय कमी पडतंय. बहुतेक ते पावसाळी जॅकेट असेल, कारण साताऱ्याचा पाऊस म्हणजे गंमत नाही. पोन्चो किंवा घोंगडीवजा रेनकोट घेऊ नका, वाऱ्याने फुगतो आणि चाकात जातो. अंगाला बसणारं, पाठीमागे लांब असलेलं जॅकेट घ्या, आणि मडगार्ड लावा.

पंक्चर काढायला मात्र शिका. एका दुपारी अंगणात मागचं चाक काढा, टायरच्या आतून बोटं फिरवून काटा शोधा, ट्यूब बदला, हवा भरा. पहिल्यांदा तास जाईल आणि हात काळे होतील. दुसऱ्यांदा वीस मिनिटं. ट्यूब-टायर स्वतः बदलता आलं की पुलाच्या पुढे जायची भीती निम्मी होते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, की चालायलाच जावं का. चालायलाही जा. सायकलने हृदय, फुप्फुसं आणि साखर यांचं भलं होतं, गुडघ्यांवर आघात होत नाही. पण सायकलवर शरीराचं वजन सीट पेलते, त्यामुळे हाडं बळकट होण्यासाठी लागणारा भार त्यांच्यावर पडत नाही. तुमच्या वयात, पाळी जायच्या आधीची ही वर्षं हाडांसाठी मोलाची. म्हणून आठवड्यातून चार दिवस सायकल आणि दोन दिवस अजिंक्यतारा. चढ पायाने चढा, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तुमचा तेवढा बहुतेक आत्ताच होतोय. तीन महिन्यांनी साखर पुन्हा तपासा. आणि एकदा हिमोग्लोबिनही बघा. आपल्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या आहेत, आणि चढावर लागणारी धाप कित्येकदा तिथली असते, तब्येतीच्या सुस्तीची नसते. यवतेश्वरचा घाट चढायच्या आधी हे करून घ्या. तुम्ही तो घाट चढणार आहात, त्याबद्दल मला शंका नाही.

सीट बदलल्यावर पंधरा दिवसांनी मला लिहा. बधिरपणा गेला का, आणि पुठ्ठ्यावर किती सेंटिमीटर आले, दोन्ही कळवा. सासूबाई शॉर्ट्स बघून काय म्हणाल्या, तेही.

तुमची,
ताई